दीड महिना १,५०० कॅलरी, तरी काटा जागचा हलत नाही: आधी काय मोजायचं आणि जिममध्ये काय उचलायचं

प्रश्न असा आहे: वय ३८, उंची १७२ सेंमी, वजन १०८ किलो, दिवसभर खुर्चीतली नोकरी. आधी दोनदा दहा-बारा किलो उतरवले, दोन्ही वेळा व्याजासकट परत आले. आता दीड महिना अ‍ॅपवर रोज १,५०० कॅलरी भरतोय, तासभर ट्रेडमिलही चालू आहे, तरी वजन तेवढंच. थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल. मेटाबॉलिझम बिघडलाय का? आणि वजनं उचलून ३० किलो उतरतील का?

मेटाबॉलिझम शाबूत आहे. चुकलाय तो १,५०० हा आकडा, आणि हे ताडून बघायला लॅबमध्ये जावं लागत नाही. १९९० सालचं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र घ्या: वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, अधिक ५ (बायकांसाठी शेवटच्या अधिक ५ च्या जागी वजा १६१). तुमचं उत्तर येतं १,९७०. एवढ्या कॅलरी शरीर नुसतं पडून राहिलं तरी खर्च करतं. त्याला बैठ्या कामासाठी १.३ ने आणि ट्रेडमिल धरून १.४ ने गुणलं की दिवसाचा खर्च २,५५० ते २,७५० निघतो. पोटात खरोखर १,५०० जात असतील तर रोज हजार-बाराशेची तूट पडली असती. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. त्या हिशेबाने दीड महिन्यात सहा-सात किलो जायला हवे होते. अंगात साठलेलं पाणी दोन-तीन किलो लपवू शकतं, सात लपवत नाही. म्हणजे रोजचं खाणं २,५०० च्या आसपास आहे आणि त्यातलं हजारभर अ‍ॅपपर्यंत पोहोचतच नाही.

यात तुम्ही खोटं लिहिताय असा अर्थ कुणी काढू नये. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. ‘काही केलं तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या लठ्ठ माणसांचा खर्च आणि आहार अचूक मोजला, तेव्हा त्यांचा मेटाबॉलिझम अगदी नेहमीसारखा निघाला. मात्र आहाराची नोंद खऱ्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी होती आणि हालचालीची ५१ टक्के जास्त. तीही माणसं प्रामाणिकच होती.

आपल्या घरात ही गळती कुठून होते ते भरल्या वांग्यांच्या कढईवर बघू. अर्धा किलो वांगी म्हणजे १२५ कॅलरी. दाण्याचा कूट ६० ग्रॅम, ३४०. सुकं खोबरं २० ग्रॅम, १३०. दीडशे ग्रॅम कांदा ६०, तीळ १० ग्रॅम ५५, गूळ १५ ग्रॅम ५५, मसाला २०. आणि तेल? वांगी तेलात परतायची, शिवाय वर तवंग दिसला पाहिजे, त्यामुळे चार मोठे चमचे सहज पडतात. ते झाले ५४ ग्रॅम, ४८५ कॅलरी. एकूण १,२७० च्या आसपास. शिजून भाजी भरली ८५० ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला दीड कॅलरी. दीडशे ग्रॅमची वाटी सव्वादोनशेला पडली. अ‍ॅपमध्ये ‘वांग्याची भाजी, १ वाटी’ शोधलं की शंभराच्या आतबाहेरची एखादी नोंद सापडते आणि आपण तीच टिचकी मारून पुढे जातो. तेल अर्ध्यावर आणलं तर तीच वाटी १८० वर येते. कूट आणि खोबऱ्याला हातसुद्धा लावावा लागत नाही.

घराचं तेल एकदा महिन्याच्या हिशेबात धरून बघा. चौघांना महिन्याला पाच लिटर लागत असेल तर माणशी रोज ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या झाल्या, आणि त्यातली एकही ‘पोळी-भाजी-वरण’ या नोंदीत दिसत नाही. चहाचंही तसंच: म्हशीचं ६० मिली दूध आणि दोन चमचे साखर मिळून कपाला ९०, चार कपांचे ३६०. भाताची चूक वेगळ्या जातीची आहे. कच्च्या तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये ३५० कॅलरी, शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये १३०. अ‍ॅपवर दोन्ही नोंदी ‘राइस’ याच नावाने बसलेल्या असतात. शिजलेला भात तोलून कच्च्याची नोंद निवडली तर आकडा फुगतो, उलट केलं तर एका जेवणात दोनशे कॅलरी गायब होतात.

तेव्हा पहिले दोन आठवडे काहीही कमी करू नका, फक्त मोजा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, चार-पाचशे रुपयांत मिळतो. वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा, मग जिन्नस घालायचा. तेलासाठी सोपी युक्ती: फोडणीआधी तेलाचं भांडं तोला, फोडणीनंतर पुन्हा तोला, जो फरक येईल ते तेल. रिकाम्या कढईचं आणि कुकरच्या भांड्याचं वजन एकदाच करून दाराआड चिकटवून ठेवा, म्हणजे शिजलेली भाजी वेगळी काढून तोलावी लागत नाही. पोळ्यांना सगळ्यांचं मिळून पीठ तोलायचं आणि पोळ्या मोजायच्या. ३०० ग्रॅम पिठाच्या दहा झाल्या तर पोळीला ३० ग्रॅम, शंभर कॅलरी, वर घडीतलं आणि वरून लावलेलं तेल वेगळं. भाकरी साठ ग्रॅमच्या पिठाची असते, तिचे दोनशे. ‘भाकरी हलकी’ म्हणून दोन पोळ्यांऐवजी दोन भाकऱ्या घेणारे इथेच फसतात. आणि हो, स्वयंपाक दुसरं कुणी करत असेल तर तोलायचं काम तुमचं. ओट्याशी दहा मिनिटं उभं राहायची तयारी नसेल तर स्वयंपाक करणाऱ्यावर काटा लादू नका, आठवड्याच्या आत तो माळ्यावर जाईल.

पाकिटावरचा आकडा वाचताना तो १०० ग्रॅमचा आहे की एका ‘सर्व्हिंग’चा हे आधी बघा. मल्टीग्रेन बिस्किटं आणि ‘भाजलेला’ चिवडा दोन्ही १०० ग्रॅमला साडेचारशेच्या वर असतात. घरच्या जिनसांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेले भारतीय अन्नघटक तक्ते वापरा. कुणीही भरलेल्या अ‍ॅपच्या नोंदींपेक्षा ते केव्हाही बरे.

याच दोन आठवड्यांत रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. दोन आठवड्यांचं सरासरी खाणं समजा २,४८० निघालं आणि दुसऱ्या आठवड्याची वजनाची सरासरी पहिल्यापेक्षा १०० ग्रॅमने कमी आली. दोन सरासऱ्यांत सात दिवसांचं अंतर असतं, म्हणून १०० ग्रॅमचे ७७० भागिले ७ दिवस म्हणजे रोजचे ११०. तुमचा खरा खर्च २,५९०. हा आकडा कुठल्याही सूत्रापेक्षा आणि घड्याळापेक्षा खात्रीचा, कारण तुमच्या मोजण्यातल्या चुकाही त्यात धरल्या गेल्या. मनगटावरच्या घड्याळाने ‘५०० कॅलरी जाळल्या’ म्हटलं म्हणून त्या परत खाऊ नका. स्टॅनफर्डने २०१७ साली अशी सात यंत्रं तपासली, त्यातल्या सगळ्यात बऱ्या यंत्राची कॅलरींची चूक सरासरी २७ टक्के होती.

खऱ्या खर्चातून ५०० ते ६०० वजा करा. तुमच्यासाठी २,०५० च्या आसपास. १,५०० पेक्षा हे ऐषारामाचं वाटेल, पण आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरायला एवढी तूट पुरते. ३० किलोंचे २,३१,००० होतात. रोज ६०० ने भागले तर ३८५ दिवस, आणि दिवाळी, लग्नं, आजारपणं धरून सव्वा ते दीड वर्ष. तीन महिन्यांत करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

आता प्रोटीन. लक्ष्य १०८ च्या हिशेबाने धरायचं नाही, गाठायच्या वजनाने धरायचं: ७८ किलो गुणिले १.६, म्हणजे दिवसाला १२५ ग्रॅम. मराठी ताटात हे आपोआप होत नाही. पातळ वरणाच्या वाटीत २० ग्रॅम डाळ असते, तिच्यातून साडेचार ग्रॅम मिळतं. शेंगदाणे प्रोटीनचे म्हणून खाल्ले जातात, पण त्यांच्या शंभर कॅलरीत प्रोटीन साडेचार ग्रॅम, बाकी तेल. त्याच शंभर कॅलरीत तूरडाळीतून साडेसहा, पनीरमधून सहा, अंड्यांतून आठ-साडेआठ, सोयाबीनच्या वड्यांतून पंधरा आणि चिकनच्या छातीच्या मांसातून वीस ग्रॅम मिळतं. कॅलरी मर्यादित असताना बघायचं ते हे गुणोत्तर. शाकाहारी माणसाचा दिवस असा जमतो: वड्या ४० ग्रॅम कोरड्या (२१), पनीर १०० ग्रॅम (१८), व्हे प्रोटीन म्हणजे दुधाच्या निवळीपासून केलेल्या पुडीचा, डब्यातल्या मापाचा एक चमचा (२४), दही ३०० ग्रॅम (१०), कच्ची डाळ ४० ग्रॅम (९), उसळीचे कडधान्य ५० ग्रॅम (१२), चार पोळ्या (१३), एक पेला गाईचं दूध (८). झाले ११५. दोन अंडी चालत असतील तर १२७. व्हे नको असेल तर वड्या आणि पनीर वाढवा, पण मग पोळी किंवा भात एका जेवणातून निघणार हे धरून चाला.

उपासाचं वेगळं सांगायला हवं. ७५ ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम कूट, दोन चमचे तूप आणि एक लहान बटाटा ही बेताची बशी ५३० कॅलरीची होते आणि प्रोटीन जेमतेम सात-आठ ग्रॅम. आठवड्याला दोन उपास करणाऱ्यांचं वजन का उतरत नाही ते इथे कळतं. दही, ताक, राजगिरा, पनीर यांवर उपास काढता येतो.

वजन उचलण्याबद्दलचा गैरसमज आधी काढून टाकतो. तासाभराच्या त्या व्यायामात तुमच्या दोन-अडीचशे कॅलरी जातात, तेवढ्या एक-सव्वा भाकरीत परत येतात. तो कॅलरी जाळायला करायचाच नसतो. तूट पडली की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं, आणि जड वजन उचलणं हा ‘हे मांस वापरात आहे, हात लावू नकोस’ असा त्याला दिलेला सांगावा असतो. मागच्या दोन वेळी तुमचं जे उतरलं त्यात स्नायूंचा वाटा मोठा असणार. परत चढताना मात्र मुख्यतः चरबीच चढते. म्हणून तेच १०८ किलो आता पूर्वीपेक्षा ढिले दिसत असतील.

आठवड्यात तीन दिवस पुरेत, सोम-बुध-शुक्र. दोन आलटून-पालटून वेळापत्रकं ठेवा. एका दिवशी लेग प्रेस किंवा डंबेल छातीशी धरून गॉब्लेट स्क्वॉट, डंबेल बेंच प्रेस, बसून केबल रो (केबल पोटाकडे ओढणं) आणि प्लँक (कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर अंग सरळ धरून राहणं). दुसऱ्या दिवशी डंबेल घेऊन रोमेनियन डेडलिफ्ट, शोल्डर प्रेस (डंबेल डोक्यावर ढकलणं), लॅट पुलडाउन (वरचा दांडा छातीकडे ओढणं) आणि दोन्ही हातांत जड डंबेल घेऊन तीस-चाळीस मीटर चालणं. उचलण्याच्या प्रत्येक व्यायामाचे तीन सेट, सेटला ८ ते १२ रेप (एकदा उचलून खाली आणणं म्हणजे एक रेप), मोठ्या व्यायामांच्या सेटमध्ये दोन ते तीन मिनिटं विश्रांती. सेट संपला तेव्हा अजून दोन रेप निघाले असते असं वाटावं. पाच निघाले असते तर वजन हलकं आहे, एकही निघाला नसता तर जड. तिन्ही सेट १२ ला गेले की पुढच्या वेळी पाठीच्या आणि पायाच्या व्यायामाला ५ किलो, बाकीच्यांना अडीच. वही ठेवा. वहीशिवाय हे होत नाही, कारण मागच्या बुधवारी १७.५ चे डंबेल नऊदा उचलले की दहादा हे लक्षात राहत नाही आणि माणूस सहा महिने त्याच वजनाशी खेळत राहतो.

स्क्वॉटमध्ये एवढ्या वजनाच्या माणसाचे गुडघे कुरकुरतात. मागे बाक ठेवा, त्याला बूड टेकेपर्यंत बसा आणि उठा. खोली महिनाभरात आपोआप वाढते. रोमेनियन डेडलिफ्टमध्ये बहुतेक जण कंबरेतून वाकतात. वाकायचं जांघेतून: बूड मागच्या भिंतीला लावायला चाललोय अशा बेताने मागे न्यायचं, पाठ सरळ, डंबेल मांड्यांना घासत गुडघ्याच्या जरा खाली, बस. मांडीच्या मागच्या बाजूला ताण आला तर बरोबर, कंबरेला आला तर वजन खाली ठेवा.

आपल्याकडच्या जिममध्ये एक अडचण हमखास येते. वजन कमी करायचंय म्हटलं की ट्रेनर तुम्हाला हलके डंबेल देऊन पंचवीस-पंचवीस रेप, मध्ये जंपिंग जॅक, विश्रांती नाही, असं घामाघूम करणारं सर्किट लावतो. घाम म्हणजे पाणी. धाप लागली की पायांआधी फुप्फुसं थकतात आणि स्नायूंवर जड भार पडतच नाही. दुसरं टोक ‘आज चेस्ट, उद्या बायसेप’चं. एक दिवस बुडाला की छाती पंधरा दिवसांनी भेटते. दोन्हीला नम्रपणे नाही म्हणा. ट्रेडमिलवरचा रोजचा तास निम्म्यावर आणा आणि उरलेली पावलं दिवसभरात वाटून टाका. रोज आठ हजार झाली की पुरे. १०८ किलोवर धावू नका, घोटे आणि गुडघे तुम्हाला दीड वर्ष लागणार आहेत.

काटा वाचायचा कसा, यावर माणसं सगळ्यात जास्त हरतात. तूट सुरू केल्यावर पहिल्या पंधरवड्यात दोन-तीन किलो जातील. ते मुख्यतः पाणी, कारण साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (शरीरातला साखरेचा साठा) तीनेक ग्रॅम पाणी असतं. मग व्यायाम नवा असल्याने स्नायू सुजतात, पाणी धरतात आणि दोन-तीन आठवडे काटा अडतो. मिसळ, पापड, लोणचं, हॉटेलचं जेवण यांच्या मिठाने एका रात्रीत किलोभर वाढतं. क्रिएटिन (जिममध्ये जाणारे घेतात ती पूड) सुरू केलं तर आणखी एखाद किलो. बायकांना पाळीच्या आधीचा आठवडा सोडून द्यावा लागतो, मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी तुलना करावी. म्हणून आठवड्याची सरासरी, आणि पंधरा दिवसांनी बेंबीच्या रेषेत कमरेचा घेर. भारतीय पुरुषांना ९० सेंमी ही धोक्याची रेषा मानतात, बायकांना ८०. सरासरी आणि घेर दोन्ही सलग तीन आठवडे जागचे हलले नाहीत तरच आकड्याला हात लावा, आणि त्याआधी शनिवार-रविवारची नोंद उघडून बघा. पाच दिवसांची ५५० ची तूट म्हणजे २,७५०. शनिवारी रात्री १८० मिली व्हिस्कीचे ४२५, मूठ-मूठ करत ६० ग्रॅम खारे दाणे ३४०, मग बिर्याणी, रविवारी सकाळी बाहेरचा नाश्ता. दोन हजार तिथेच परत आले.

वजन उतरेल तसा खर्चही उतरतो. ८० किलोवर तुमचं सूत्राचं उत्तर १,६९० येतं, १.३५ ने गुणून २,२८०. मग २,०५० वर तूट जेमतेम सव्वादोनशेची राहते. म्हणून दर सहा-सात किलोंनी खर्च नव्याने मोजा आणि शंभरेक कॅलरी कमी करा किंवा पावलं वाढवा. १,७०० च्या खाली जाऊ नका. दर दहा-बारा आठवड्यांनी दोन आठवडे तूट बंद ठेवून खर्चाएवढं खा. गणपती किंवा दिवाळी यात बसवली की अपराधीपणाही नाही. दोन-तीन व्यायामांची वजनं सलग दोन आठवडे खाली यायला लागली तर झोप, प्रोटीन, तूट या क्रमाने तपासा. थकवा खूप असेल आणि घरचे घोरण्याची तक्रार करत असतील तर स्लीप अ‍ॅप्नियाची (झोपेत श्वास अडण्याची) तपासणी करून घ्या. त्यावर उपाय न करता केलेला डाएट फार कष्टाचा होतो.

सुरू करण्याआधी रक्तदाब, एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), बी१२ एवढं बघा. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा. तोच डोस कमी खाण्यावर साखर धोकादायक खाली नेतो. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही आठ-दहा किलोंनंतर तपासून घ्यावा लागतो, उठताना चक्कर येणं ही त्याची खूण. आठवड्याला दीड किलोच्या वर वजन पडत राहिलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. तेल तोलायला सांगितलं म्हणून ते शून्यावर आणू नका, सगळं धरून दिवसाला ५० ग्रॅम स्निग्ध पदार्थ राहू द्या. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागले तर घाबरू नका. बहुतेकदा हे वेगाने उतरलेल्या वजनामुळे आणि कमी प्रोटीनमुळे होतं आणि थांबतं. पोटाची कातडी थोडी सैल राहील, क्रीमने ती आवळत नाही.

७८ वर पोहोचल्यावर दर दोन आठवड्यांनी शंभर-दीडशे कॅलरी वाढवत खर्चाएवढ्यावर या. तुमच्या आधीच्या दोन्ही वेळा इथेच घात झाला असणार: डाएट ‘संपला’ आणि खाणं एका दिवसात जुन्या जागी गेलं. तोलणं हळूहळू सुटलं तरी चालेल, हाताला अंदाज आलेला असतो. तेल, कूट आणि तूप मात्र तोलत राहा, डोळा पहिल्यांदा तिथेच चुकायला लागतो. जिम आठवड्याला दोन दिवसांवर आणता येते, वजनं तीच ठेवायची. सकाळचं वजन चालू ठेवा, आणि सरासरी ८० च्या वर गेली की त्याच आठवड्यापासून पाचशेची तूट पुन्हा सुरू करा, ७८ येईपर्यंत.